यार्डासाठी जुना टेलिहँडलर बघायला जाताना आपला भरलेला पॅलेट सोबत न्या

प्रश्न : शिरवळजवळ आमचं पेव्हर ब्लॉकचं छोटं यार्ड आहे. मी ऑर्डरी आणि हिशेब बघते, दीर उत्पादन आणि गाड्या बघतात. हंगामात रोज चार-पाच गाड्या भरतो. आठ हमाल आहेत, तरी एक गाडी भरायला तीन तास जातात आणि मागचे ट्रक गेटबाहेर खोळंबतात. म्हणून जुना टेलिहँडलर, म्हणजे पुढे-वर लांबणाऱ्या दांड्याला (बूमला) टोकाशी काटे (फोर्क) लावून पॅलेट उचलणारं यंत्र, घ्यायचं मनात आहे. दोन बघितले. पहिला कळंबोलीतल्या एका विक्रेत्याकडे. परदेशातून आलेला, लहान, अडीच टन-सहा मीटरचा, २०१३ चा. रंग नवाकोरा, अवर मीटरवर ३,१०० तास, किंमत साडेअकरा लाख. नंबर नाही, यार्डात चालवायला लागत नाही, असं ते म्हणतात. दुसरा चाकणच्या एका ठेकेदार कंपनीचा. इथंच नवा घेतलेला, तीन टन-सात मीटरचा, २०१५ चा, एमएच-१४ पासिंग, ६,४०० तास, रंग उडालेला, किंमत चौदा लाख. दीरांना पहिला आवडलाय, कारण तो आमच्या थप्प्यांमधल्या वाटेत सहज फिरेल. वाट अडीच-पावणेतीन मीटरची आहे. गेट साडेतीन मीटर, शेड पावणेचार मीटर उंच. मागच्या कोपऱ्यावरून ११ केव्हीची लाइन गेलीय. एका पॅलेटवर दहा चौरस मीटर माल बसतो, जास्त करून ६० मिलिमीटरचा, कधी ८० चा. दोघंही या आठवड्यात इसार मागताहेत. कुठला घ्यावा? — एक वाचक, जि. सातारा

ताई, नमस्कार.

आधी उत्तर, मग कारणं. या आठवड्यात इसार कुणालाच देऊ नका. दोघांपैकी तुमच्या कामाचा मला चाकणचा वाटतो, तोही तपासणीत उतरला आणि किंमत थोडी खाली आली तर. कळंबोलीचा लहान टेलिहँडलर वाईट असेल असं मी म्हणत नाही. पण तुमचा जड माल ट्रकच्या पलीकडच्या कडेला ठेवताना तो कमी पडण्याची भीती आहे, आणि नडला तर त्याचे पार्ट कुठून आणायचे हा प्रश्न उरतोच. जुनं यंत्र घेताना मी दोनच गोष्टींवर अडून बसतो. आपला सगळ्यात जड पॅलेट सगळ्यात लांब कुठं ठेवायचा आहे, ही पहिली. यंत्र बंद पडलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी कोण येणार, ही दुसरी. रंग, तास आणि किंमत या दोन्हींच्या मागून येतात.

तर आधी वजन. काँक्रीटचं वजन घनमीटरला साधारण २,३०० किलो धरतात. म्हणजे ६० मिलिमीटरचा पेव्हर चौरस मीटरला १३५-१४० किलोच्या आसपास भरतो आणि ८० चा १८० किलोच्या वर जातो. दहा चौरस मीटरचा ६० चा पॅलेट झाला चौदाशे किलोचा, ८० चा अठराशेहून जास्त, आणि लाकडी पॅलेटचं वजन वेगळं. हा माझा कागदावरचा हिशेब आहे. तुम्ही दोन्ही प्रकारचा एकेक भरलेला पॅलेट टेम्पोत टाकून वजनकाट्यावर न्या आणि पावती जपून ठेवा, कारण पुढचं सगळं त्या पावतीवर चालणार आहे. पावसात भिजलेला माल आणखी जड भरतो, तेही लक्षात असू द्या.

आता 'अडीच टन-सहा मीटर' म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण जुन्या बाजारात सगळ्यात जास्त फसगत इथं होते. हे दोन आकडे एकाच वेळी खरे नसतात. अडीच टन उचलतो तो बूम आत ओढलेला असताना, भार चाकांच्या अगदी जवळ असताना. बूम पुढे सरकत गेला की क्षमता झपाट्याने उतरते, आणि पूर्ण लांबीवर ती निम्म्याच्याही खाली गेलेली असते. यंत्राच्या नावातच हे दोन कमाल आकडे लपलेले असतात. जेसीबीच्या लोडऑलवर ५३०-७० लिहिलं असेल तर ३० म्हणजे तीन टन आणि ७० म्हणजे सात मीटर. मॅनिटूच्या एमटी ६२५ मध्ये क्रम उलटा आहे, आधी सहा मीटर आणि मग अडीच टन. खरी माहिती देतो तो केबिनमध्ये चिकटवलेला लोड चार्ट. त्यात आडवं अंतर आणि उंची यांच्या चौकटीत कमानी काढलेल्या असतात आणि प्रत्येक कमानीवर किलो लिहिलेले असतात.

तुमच्यासाठी त्या चार्टावरची एकच जागा महत्त्वाची आहे, ती अशी काढा. ट्रकची रुंदी नियमाने २.६ मीटरपर्यंत असते. आडवे दोन पॅलेट बसवायचे तर पलीकडच्या पॅलेटचा मध्य अलीकडच्या कडेपासून दोन मीटरच्या थोडा अलीकडे पडतो. यंत्राची पुढची चाकं ट्रकला खेटून लावता येत नाहीत, फूटभर तरी अंतर लागतं. म्हणजे चाकांच्या पुढे सव्वादोन मीटरवर आणि ट्रकच्या पाट्याच्या वर पॅलेट उचलून धरता येईल इतक्या उंचीवर, तिथं चार्ट किती किलो सांगतो ते बघा. अंतर कुठून मोजलंय ते चार्टाच्या चित्रातच दिसतं. तिथला आकडा तुमच्या ८० च्या पॅलेटच्या वजनापेक्षा कमी असेल तर ते यंत्र तुमचं नाही, मग ते कितीही स्वस्त असो. आणखी एक. चार्टात भाराचा मध्य फोर्कच्या टाचेपासून, म्हणजे आडवा काटा उभ्या दांड्याला मिळतो तिथून, बहुधा ५०० मिलिमीटरवर धरलेला असतो. तुमचा पॅलेट १,२०० मिलिमीटर खोल असेल तर मध्य ६०० वर जातो आणि क्षमता आणखी घटते. चार्ट सपाट, घट्ट जमिनीवरचा असतो, हेही सोबत लिहून ठेवा.

दोन्ही बाजूंनी गाडी भरता आली तर हा प्रश्न बराच सुटतो. ट्रक यार्डाच्या मधोमध उभा करा, अर्धा माल या बाजूने, अर्धा त्या बाजूने. जागा असेल तर हे करायलाच हवं, यंत्र मोठं घेतलं तरी. पॅलेटवरचे थर कमी केले तर लहान यंत्रही चालेल, पण मग फेऱ्या वाढतात आणि तुम्ही वेळ वाचवायलाच तर हे सगळं करताय.

ट्रकचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो, जी तुमच्या पत्रात नाही. तुमच्याकडे येणाऱ्या गाड्यांपैकी किती गाड्यांचे फाळके उघडतात? उंच, बंद बॉडीच्या ट्रकमध्ये बाजूने पॅलेट सरकवता येत नाही, आणि वरून आत सोडायला फोर्क उपयोगाचे नाहीत. तशा गाड्या हमालांनाच भराव्या लागतील. आणि गिऱ्हाइकाच्या साइटवर तुमचा टेलिहँडलर नसणार, तिथं माल उतरवायला माणसंच लागणार. महिनाभर गेटवर वही ठेवा. किती गाड्या फाळक्याच्या, किती बंद, पॅलेटसकट माल घ्यायला कोण तयार आहे, पॅलेट परत कसे येणार, अनामत घ्यायची का. निम्म्याहून जास्त गाड्या बंद बॉडीच्या निघाल्या तर मी तुम्हाला सरळ सांगेन की आत्ता विकत घेऊ नका, हंगामापुरतं यंत्र भाड्याने घ्या.

आता ती दोन यंत्रं. दीरांचं म्हणणं चुकीचं नाही. लहान टेलिहँडलर साधारण एक मीटर ऐंशी रुंद आणि दोन मीटरच्या आत उंच असतो, आणि अडचणीच्या जागेत त्याच्यासारखं सोयीचं काही नाही. सात मीटरवाला सव्वादोन ते २.३५ मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच. तुमच्या गेटातून आणि शेडमध्ये तो जाईल. पावणेतीन मीटरच्या वाटेत तो सरळ चालेल, पण थप्पीकडे वळून पॅलेट घेता येणार नाही. खरं तर अडीच मीटरच्या वाटेत लहान यंत्रालाही काटकोनात वळून माल घेता येणार नाही, कारण वळताना यंत्राची लांबी आणि पुढचा पॅलेट दोन्ही जागा खातात. म्हणजे वाटा कशाही रुंद कराव्या लागणारच. एका रविवारी दोघांनी मिळून यार्डात चुन्याने नव्या वाटा आखा, थप्प्यांची एक ओळ कमी करून बघा. थप्पी हलवायला खर्च हमालीचा. चुकीचं यंत्र घेतलं तर खर्च लाखांत.

पार्टांचं बघा. भारतात विकल्या गेलेल्या मॉडेलचे फिल्टर, सील किट, होज, पिन-बुश पुण्यात मिळतात, आणि चाकण-तळेगाव पट्ट्यात अशी यंत्रं खोलून बसवणारे फिटर आहेत. परदेशातून जुनं आणलेलं मॉडेल इथं कधी विकलंच गेलं नसेल तर साधा सेन्सर मागवायलाही आठवडे जाऊ शकतात. इसाराआधी एक सोपी परीक्षा करा. यंत्राचं मॉडेल आणि सीरियल नंबर घ्या आणि त्या कंपनीच्या डीलरकडे पाच गोष्टींचा भाव आणि मिळण्याची मुदत विचारा : बूमचे वेअर पॅड, बूम जॅकचं सील किट, हायड्रॉलिक पंप, स्टिअरिंगचा टायरॉड आणि एक टायर. पाचांपैकी दोनांवर उत्तर आलं नाही तर समजून जा.

इंजिनाच्या वयातही चाकणच्या यंत्राची बाजू थोडी जड आहे. आपल्याकडे चाकांवरच्या बांधकाम यंत्रांना १ एप्रिल २०२१ पासून भारत स्टेज सीईव्ही-४ आणि १ जानेवारी २०२५ पासून सीईव्ही-५ हे धुराचे नियम लागू झाले. नव्या इंजिनांत इलेक्ट्रॉनिक्स बरंच आहे, बिघाड शोधायला लॅपटॉप लागतो. २०१५ चं इथलं यंत्र त्या आधीच्या टप्प्यातलं, बरंचसं तुमच्या भागातल्या चांगल्या डिझेल मिस्त्रीच्या हातात येणारं. उलट २०१३ च्या सुमाराच्या युरोपीय यंत्रावर धूर गाळणारा फिल्टर असू शकतो, आणि तो तुंबला की खर्च मोठा. आहे का, चालू आहे का, की कापून टाकलाय, हे विचारा.

आता तपासणी. इथं घाई करू नका. अर्धा दिवस मोकळा ठेवा, स्वतःचा मिस्त्री न्या, आणि वजन करून घेतलेला ८० चा पॅलेट टेम्पोत टाकून सोबत न्या. विक्रेता म्हणेल, इथं वजन आहे की उचलून दाखवायला. ते किती किलोचं, हे कुणाला ठाऊक? तुमच्या पॅलेटची पावती तुमच्या हातात आहे. कुणी स्वतःचा भार उचलू द्यायला तयार नसेल तर तिथूनच परत फिरा.

आदल्या दिवशी सांगून ठेवा की इंजिन आधी चालू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर कारण विचारा. थंड इंजिन किती फिरवल्यावर लागतं, धूर कसा आणि किती वेळ येतो, ऑइल भरायचं झाकण उघडल्यावर वाफेचा फवारा येतो का, ते मिस्त्रीला बघू द्या. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग किंवा हायड्रॉलिक तेलाला दुधासारखा रंग दिसला तर किंमतीची बोलणी थांबवा, आधी कारण कळू द्या.

अवर मीटरवर फार विश्वास टाकू नका, तो बदलता येतो. ३,१०० तासांच्या यंत्रात ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं, सीट फाटलेली, बूमच्या मुळातली पिन ढिली असेल तर मीटर खोटा आहे. ६,४०० तासांच्या यंत्राचं ग्रीसिंग वेळेवर झालेलं असेल, सर्व्हिसची बिलं असतील, तर मला ते जास्त आवडेल. नव्या रंगाची मला नेहमी धास्ती वाटते, कारण रंगाखाली वेल्डिंग लपतं. बूम मागे जिथं चॅसिसला जोडलाय तिथं, पुढच्या बाजूला फोर्क कॅरेजच्या जोडावर, आणि अॅक्सल चॅसिसला बसतात तिथं टॉर्च मारून बघा. रंगाला केसाएवढी रेघ गेलीय का, वेल्डिंगचा जाड थर कुठं वेगळा दिसतो का. यंत्र आधी कुठं राबलं तेही विचारा. खताच्या गोदामात किंवा बंदरावर मिठाच्या हवेत काढलेली वर्षं वायरिंग आणि पाइपांच्या जोडांना आतून खातात, आणि ती नव्या रंगाने भरून निघत नाहीत.

मग बूम. रिकामा बूम जमिनीला समांतर ठेवून पूर्ण बाहेर काढायला सांगा. इंजिन बंद करून दोघांनी टोक डावी-उजवीकडे हलवा. आतला भाग बाहेरच्या भागात सरकतो तो प्लास्टिकच्या वेअर पॅडवर. पॅड झिजले की टोक डोलतं आणि आतल्या पत्र्यावर ओरखडे दिसतात. पॅड बदलणं रोजच्या कामातलं आहे, पण पत्राच खोल घासला गेला असेल तर नको. फोर्कची जाडी कॅलिपरने मोजा. उभ्या दांड्याजवळची जाडी मूळ धरा आणि टाचेजवळची तिच्याशी ताडून बघा. टाच दहा टक्के झिजली की फोर्क बाद करतात, म्हणजे ४५ मिलिमीटरचा फोर्क ४०.५ वर आला की संपला. त्यावर वेल्डिंग करून भर घातलेली दिसली तर दोन्ही फोर्क नवे धरूनच किंमत बोला.

आता तुमचा पॅलेट. उचलून गुडघ्याएवढ्या उंचीवर धरा, बूम थोडा बाहेर, इंजिन बंद. बूम उचलणाऱ्या जॅकच्या चकचकीत दांड्यावर खडूने खूण करा आणि दहा मिनिटं थांबा. तेल निवताना दोन-तीन मिलिमीटर खाली येणं चालतं. बोटभर सरकला तर सील गेलं किंवा व्हॉल्व्ह गळतोय. या वेळात पॅलेटखाली, जवळपास, कुणीही उभं राहायचं नाही, हे तुम्ही स्वतः बघा. त्यानंतर चार्ट परवानगी देईल तेवढाच बूम हळूहळू बाहेर काढत न्या. बऱ्याच टेलिहँडलरमध्ये हिरवा, पिवळा, लाल असे दिवे असलेला सेन्सर असतो. मर्यादा जवळ आली की तो आवाज करतो, आणि नव्या यंत्रांत बूमची पुढची हालचालच थांबवतो. हा सेन्सर बंद करून ठेवलेली यंत्रं मी बघितली आहेत, वायर कापून किंवा चावी कायम बायपासवर सोडून. त्यामुळे काम चालतं, आणि एक दिवस यंत्र पुढच्या चाकांवर उभं राहतं. दिवे चालत नसतील तर ते दुरुस्त करून दिल्याशिवाय घेऊ नका. यात मी कुणालाही सूट देत नाही.

चालवून बघणं अर्ध्या तासाचं तरी असावं, तेल तापेपर्यंत. हायड्रोस्टॅटिक गिअरचं (तेलाच्या दाबावर चाकं फिरवणारं) यंत्र थंड असताना छान ओढतं आणि तापल्यावर चढावर दम टाकतं, म्हणून पॅलेटसकट चढ शेवटी चढवा. त्याऐवजी टॉर्क कन्व्हर्टरचा गिअर असेल तर पुढे-मागे बदलताना धक्का किंवा उशीर लागतो का बघा. चढावर हँडब्रेक लावून उभं करा. स्टिअरिंगच्या तिन्ही पद्धती बघा : पुढची दोनच चाकं, चारही चाकं, आणि चारही एकाच दिशेला वळून तिरकं चालणं. बदलताना चाकं सरळ रेषेत येतात का? चाकं वर उचलून किंगपिन आणि टायरॉडचा खेळ मिस्त्री बघेल. टायर चारही एकाच मापाचे आणि साधारण सारख्या झिजेचे हवेत, कारण चारही चाकांना जोर जातो आणि वेगळ्या घेराचे टायर अॅक्सलला मारतात.

कागदांवर येऊ. 'यार्डात नंबर लागत नाही' हे अर्धं खरं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत फक्त बंदिस्त आवारात, कारखान्यात किंवा खाणीत वापरायचं आणि रस्त्यावर स्वतः चालू न शकणारं यंत्र वगळलेलं आहे. टेलिहँडलर तर रस्त्यावर स्वतः चालतो. उद्या गेटबाहेर उभी गाडी भरायला तो दहा मीटर रस्त्यावर आला, काही झालं, आणि नंबर नाही, विमा नाही, तर जबाबदारी तुमच्या नावावर. म्हणून नंबर नसलेलं यंत्र घ्यायचंच असेल तर आधी आरटीओत विचारा की याची नोंदणी होईल का, आणि ते उत्तर हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. परदेशातून आलेल्याचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमचा कागद, आणि त्यावरचा सीरियल नंबर चॅसिसवर कोरलेल्याशी जुळला पाहिजे. नुसत्या पाटीवरच्या नंबरावर जाऊ नका, पाटी रिव्हेटची असते.

चाकणच्या यंत्राचं सोपं आहे. नंबर टाकून एमपरिवहन अॅपवर नोंदणी, विमा आणि कर्जाचा बोजा बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. खरेदीनंतर ३० दिवसांच्या आत नाव चढवायला अर्ज करा, विक्रेत्याच्या ओळखीवर सोडू नका. विकणारी कंपनी असल्याने तिच्या मालमत्तेवर कर्जाचा बोजा आहे का, तो कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर दिसतो. तुमच्या सीएला तो बघायला सांगा, आणि त्यांनाच जीएसटीचं पक्कं बिल मिळालं तर इनपुट क्रेडिट कसं घेता येईल ते विचारा. त्यामुळे दोन्ही किमतींतला फरक कमी होऊ शकतो. इसार द्याल तो बँकेतून आणि लेखी द्या : इंजिन आणि चॅसिस नंबर, ठरलेली किंमत, आणि भार तपासणीत यंत्र उतरलं नाही तर पूर्ण इसार परत.

सगळे पैसे किमतीत घालू नका. यंत्र आल्यावर पहिल्याच आठवड्यात इंजिन, हायड्रॉलिक, अॅक्सल, सगळी तेलं आणि फिल्टर बदला, होज तपासून जुने काढून टाका. यंत्र वाहून आणणाऱ्या लोबेड ट्रेलरचं भाडं आहे, विमा आहे, कदाचित दोन टायर आहेत. चाकणवाल्यांना तपासणीत निघालेल्या दुरुस्त्यांची यादी दाखवा आणि तेवढी रक्कम कापून मागा. रंग उडालाय म्हणून मात्र भाव पाडायला बसू नका, त्याने मूळ मुद्दा हलका होतो.

यार्डाची जमीन कशी आहे ते तुम्ही लिहिलं नाही. साताऱ्याकडे काळी माती असली तर पावसाळ्यात हे यंत्र रुतेल. चारही चाकांना जोर असला तरी सात टनांच्या आसपासचं वजन आणि वर पॅलेट, हे मातीला पेलत नाही. निदान वाटा आणि गाडी भरायची जागा मुरूम-खडी टाकून रोलरने दाबून घ्या, पाणी बाजूला काढा. टेलिहँडलर पुढे जितका कलंडतो तितकाच बाजूलाही कलंडतो, आणि बाजूला कलंडण्याआधी कुठला दिवा लागत नाही. एक चाक खड्ड्यात आणि बूम वर, इतकं पुरतं. भार घेऊन चालताना बूम खाली आणि आत, हा नियम दीर आणि ऑपरेटर दोघांच्याही अंगवळणी पडला पाहिजे. दीर ट्रॅक्टर चालवत असतील, तरी हे वेगळं काम आहे. दोन आठवडे चांगला ऑपरेटर ठेवून त्याच्याकडून शिकू द्या. परवाना कुठल्या वर्गाचा लागेल ते आरटीओत विचारून घ्या, कारण दाव्याच्या वेळी विमा कंपनी आधी परवाना मागते.

तुमच्या आठ माणसांशी यंत्र येण्याआधी बोला. त्यांना ते आल्यावर कळू नये. बंद गाड्या, साइटवरची उतराई, पॅलेट भरणं, माल निवडणं, काम आहेच, आणि कुणाचं काय बदलणार ते तुमच्या तोंडून त्यांना कळायला हवं. त्यांची माथाडी मंडळाकडे नोंद असेल तर तिथले नियमही बघून घ्या. त्यातला एखादा तरुण पुढे ऑपरेटर होईल, मी तसं व्हावं असं मनापासून म्हणेन. आणि सगळ्यांना केबिनमध्ये एकेकदा बसवा. बहुतेक टेलिहँडलरमध्ये केबिन डावीकडे आणि बूम उजवीकडे असतो. बूम थोडा वर असला की ऑपरेटरला उजवीकडचं जवळजवळ काही दिसत नाही. तिथं बसून पाहिलेला माणूस पुन्हा त्या बाजूने चालत जाणार नाही. उजव्या बाजूला मोठा आरसा आणि मागे कॅमेरा लावा, हा खर्च टाळू नका. फोर्कवर माणूस चढवून शेडचा पत्रा दुरुस्त करणं वगैरे कुणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा.

शेवटी ती ११ केव्हीची लाइन, जिच्याबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय आणि मला सगळ्यात जास्त काळजी जिची वाटते. सहा-सात मीटर वर जाणारा बूम आणि उघडी तार एका यार्डात आहेत. तारेला टेकावंच लागतं असं नाही, फार जवळ गेलं तरी वीज उडी मारते. महावितरणच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, तारेची उंची मोजून घ्या, लाइन सरकवता येते का आणि खर्च किती, ते विचारा. तोवर तारेच्या दोन्ही बाजूंना ऐसपैस अंतर सोडून खांब रोवा, रंगीत झेंड्यांची दोरी बांधा, त्यापलीकडे यंत्र जाणार नाही. ऑपरेटरला हेही शिकवा : बूम तारेला लागलाच तर केबिनमध्येच बसून राहायचं, जमलं तर बूम तारेपासून दूर घ्यायचा, कुणालाही जवळ येऊ द्यायचं नाही, आणि महावितरणला फोन करून लाइन बंद करवायची. आग लागली आणि उतरावंच लागलं तर यंत्र आणि जमीन दोन्हींना एकाच वेळी हात-पाय न लावता, दोन्ही पाय जोडून लांब उडी मारायची आणि पाय जमिनीवरून न उचलता घसटत दूर जायचं. त्या कोपऱ्यात आत्ता ज्या थप्प्या आहेत त्या यंत्र यायच्या आधी हमालांकडूनच काढून घ्या आणि तिथं परत माल लावू नका.